सुप्राफोनिक ४००, आठ महिन्यांनंतर: ड्रम उत्तम, बिल्ला बदमाश

लुडविग कंपनीचा चौदा बाय पाच इंचांचा सुप्राफोनिक ४००, म्हणजे खाली तारा ताणलेला स्नेअर ड्रम, गेल्या नोव्हेंबरात घेतला. हा अनुभव फेब्रुवारीमध्येच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर निव्वळ आरती झाली असती. आळस केला ते बरंच झालं.

ड्रम इथल्याच, शिकागोतल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून आणला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांच्याशी तडजोड झाली आहे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, '१९६६, कीस्टोन बॅज, सर्व मूळ, फक्त स्ट्रेनर बदललेला'. कीस्टोन हा लुडविगचा साठच्या दशकातला बिल्ला, आणि स्ट्रेनर म्हणजे तारा ताणायची-सोडायची कळ. किंमत साडेसहाशे डॉलर. शेजारच्याच फळीवर नंतरच्या, निळ्या-ऑलिव्ह बॅजचा ४०० होता, सव्वाचारशेला. तोच ॲल्युमिनियमचा शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, तेच दहा लग, म्हणजे ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते, तेवढाच क्रोम. फरक बॅजचा. म्हणजे दीड-दोन इंचांच्या पितळी तुकड्याचे मी सव्वादोनशे डॉलर मोजले. हा हिशेब त्या दिवशी केला नव्हता. नंतर मात्र रोज केला.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. हलक्या हाताने वाजवा, बोलतो. जोरात वाजवा, तडकतो, पण फाटत नाही. घट्ट ताणला तर आमच्या पथकातल्या ताशाशी भांडतो आणि हरत नाही. इथल्या गणेशोत्सवात मी ताशा वाजवतो, त्यामुळे तडतड म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पहिले चार महिने मी खूश होतो.

मग ती कुरकुर सुरू झाली. खरं तर आधीपासूनच असणार, पण मार्चमध्ये भावाने घरी रेकॉर्डिंग केलं आणि हेडफोनमध्ये ऐकताना प्रत्येक फटक्यामागे पत्र्याची बारीक 'झर्र' ऐकू आली. स्नेअरच्या तारा सोडून वाजवलं तरी येतेच. मी क्रमाने सगळं केलं. तारा बदलल्या, १८ डॉलर. जुन्या लुडविगच्या लगमध्ये स्प्रिंग असते आणि ती झणझणते, म्हणून दहाही लग उघडून स्प्रिंगभोवती कापूस भरला. एक रविवार गेला. आवाज दाबायचा आतला डॅम्पर काढून ठेवला. झर्र तशीच. शेवटी बायको खोलीत आली, मी वाजवत असताना ड्रमवर इथे-तिथे बोट ठेवत गेली, आणि बॅजवर बोट ठेवल्यावर आवाज थांबला. माझे तीन आठवडे, तिची दोन मिनिटं.

बॅज सैल होता. हाताने गोल फिरायचा. या ड्रमवर बॅज खिळ्याने ठोकलेला नसतो. हवा जायच्या भोकातून एक पोकळ रिव्हेट येते आणि तीच त्याला धरून ठेवते. कारखान्यात ती आतून दाबून पसरवलेली असते. टॉर्च लावून आत पाहिलं तर माझ्या रिव्हेटची कड ओबडधोबड, दोन जागी चिरलेली, आणि बाकी शेलच्या मानाने फारच चकचकीत. घरच्या हातोडीचं काम. मग बाहेरून नीट पाहिलं. बॅजच्या दोन्ही बाजूंना नखाएवढी स्वच्छ क्रोमची पट्टी, तिच्या पलीकडे ॲल्युमिनियमवरच्या क्रोमला नेहमी येतात तसे बारीक खड्डे. ही पट्टी मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. दुकानदाराने छान पुसला आहे, असं मी समजलो होतो. तिथे आधी यापेक्षा रुंद बॅज होता, आणि क्रोमने त्याची आठवण ठेवली होती.

रिव्हेट काढली. काढताना एक मिनिट लोभ सुटला, कारण साठच्या दशकाच्या सुरुवातीचे काही शेल पितळी असतात आणि भोकाच्या कडेला पिवळा धातू दिसला तर ड्रमची किंमत कुठच्या कुठे जाते. कड पांढरी निघाली. वजनावरून कळायलाच हवं होतं.

आता बॅजचं गणित, जेवढं मला हे सव्वादोनशे डॉलर खर्चून कळलं तेवढं. विल्यम लुडविग यांनी आपली कंपनी विकली तेव्हा नावही गेलं. १९३७ मध्ये त्यांनी आद्याक्षरांवर डब्ल्यूएफएल ही नवी कंपनी काढली आणि १९५५ मध्ये लुडविग हे नाव परत मिळवलं. कमानीच्या माथ्यावरच्या दगडाच्या आकाराचा कीस्टोन बॅज साधारण १९६० पासूनचा, आणि त्यावर नंबर येऊ लागले १९६३ च्या अखेरीच्या सुमारास. बिननंबरी कीस्टोन म्हणजे त्याआधीचा. १९६९-७० च्या सुमारास टोकदार कोपऱ्यांचा निळा-ऑलिव्ह आला, पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याचे कोपरे गोल झाले. १९८४ मध्ये कारखाना शिकागो सोडून नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्‍रो गावी गेला आणि बॅजवरचं गावही बदललं.

इथपर्यंत सोपं वाटतं. माझ्या दुकानदाराने '१९६६' काढलं होतं ते नंबरवरून, आणि घोळ तिथेच आहे. नंबर घातलेले बॅज कारखान्यात डब्यात पडलेले असत, हाताला येईल तो लावला जाई. कुठला नंबर कुठल्या ड्रमला गेला याची वही कुणी ठेवली नाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या ढोलावर लुडविग हे नाव सगळ्या अमेरिकेने वाचलं, आणि डेमन ॲव्हेन्यूवरचा कारखाना रात्रंदिवस चालू लागला. त्या गर्दीत बॅज क्रमाने लावत बसायला कुणाला वेळ होता? मी एका शनिवारी डेमनला उतरून ती इमारत पाहून आलो. आता तिथे लोक राहतात. खाली उभं राहून मला उगाचच तक्रार करावीशी वाटली.

लाकडी ड्रमवाल्यांचं बरं असतं. आत लाल शाईत तारखेचा शिक्का सापडतो. शिक्का नसला तरी शेल बोलतो. तीन थरांचा आणि आतून वर-खाली लाकडी कडं असलेला शेल १९७५-७६ पर्यंतचा, त्यानंतर सहा थरांचा, बिनकड्याचा. बिनकड्याच्या शेलवर कीस्टोन दिसला तर पाकीट खिशात ठेवा. धातूच्या ड्रमला असा शिक्का बहुधा नसतो, म्हणून सगळे बॅजकडे पाहतात, आणि म्हणून बॅजच बदलला जातो. इतर कंपन्यांतही तेच. ग्रेचचा गोल बॅज १९७१ च्या सुमारास गेला आणि अष्टकोनी आला. स्लिंगरलँडच्या बॅजवर नाइल्स हे गाव असेल तर ते १९६० च्या आधीचं नाही, कारण कारखानाच तेव्हा शिकागोतून नाइल्सला गेला.

माझ्या ड्रमवर कीस्टोन सोडला तर साठच्या दशकातलं काही नव्हतंच. 'बदललेला' म्हणून सांगितलेला स्ट्रेनर पी-८५ होता, सत्तरच्या दशकातला. १९६६ च्या ड्रमवर पी-८३ हवा. पण हा कुणी बदललेलाच नव्हता. भोकं मूळची, आजूबाजूला जुन्या स्ट्रेनरची खूण नाही. तो ड्रमचा जन्मापासूनचा स्ट्रेनर होता. बदलला होता तो बॅज.

हे घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणाला, "आम्ही कीस्टोन बॅज असं लिहिलं, आणि बॅज कीस्टोनच आहे." खरंच आहे ते. बॅज नकली नाही. कुठल्या तरी मोडीत काढलेल्या ड्रमचा अस्सल बॅज आहे. ड्रमही अस्सल. दोघंही चांगल्या घरचे, लग्न तेवढं खोटं. मी म्हटलं, मग '१९६६' कुणी लिहिलं? तो म्हणाला, परत घ्यायची मुदत ३० दिवस होती. मी म्हटलं, पत्ता सांगा, लेखी पाठवतो. त्याने दोनशेची खरेदी-चिठ्ठी देऊ केली. मी नको म्हटलं, कारण त्या दुकानात दोनशेला मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एक बॅज असतो. तीन फेऱ्या आणि सात ईमेलनंतर दीडशे रोख आणि दोन नवी हेड, म्हणजे ड्रमवर ताणायचे पडदे, घेऊन घरी आलो. हेड धरली तर हिशेब जवळजवळ जमतो.

इथे मला माझंच मत बदलावं लागलं. मार्चमध्ये चिडून मी हा ड्रम विकायला काढला होता. मग बॅजमागे फेल्टची पातळ चकती घातली, नवी रिव्हेट नीट बसवली, एकूण चार डॉलर, आणि पुन्हा रेकॉर्डिंग केलं. झर्र गेली. आवाज तोच, जो मी चार महिने १९६६ चा म्हणून ऐकत होतो. भावाला दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली, 'एक साठच्या दशकातलं, एक सत्तरच्या' असं खोटं सांगून. त्याने आत्मविश्वासाने साठच्या दशकातलं निवडलं, आणि दोन्ही वेळी ड्रम एकच होता. आवाजाला पैकीच्या पैकी गुण, हे आता मी राग उतरल्यावर लिहितो आहे.

प्रश्न बॅजचा राहिला. सुटा निळा-ऑलिव्ह बॅज चाळीस डॉलरला मिळतो आहे. बायको विचारते, आपला ड्रम स्वस्त आहे हे सिद्ध करायला चाळीस डॉलर का द्यायचे? कीस्टोन काढून सुटा विकला तर त्याहून जास्त येतील, पण तो घेणारा त्याचं काय करणार हे मला ठाऊक आहे, आणि पुढच्या नोव्हेंबरात तो ड्रम माझ्याच भावाच्या हाती पडायचा.

तूर्त कीस्टोन जागेवरच आहे. शेलच्या आत, वरच्या हेडमधून दिसणार नाही अशा जागी, मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'शेल सत्तरच्या दशकातला, बॅज पाहुणा, नंबरावर जाऊ नये.' चिठ्ठी मराठीत आहे. विकायची वेळ आली की इंग्रजी करू.