१८,४९० रुपये आणि कशालाच न जोडलेलं बटण

जाहिरात बघून सेकंडहँड गिटार पेडल मागवलं आणि फसलो. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर लाजेपोटी कमी करून सांगायचा मोह होणार नाही. टोकन २,०००. उरलेले १५,५००. कुरिअर ३५०. आणि ‘पार्सलचा विमा, पोचल्यावर परत मिळतो’ म्हणून ६४०. एकूण १८,४९० रुपये. विम्याचे पैसे मागितले तिथंच कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणणार. दुसऱ्याचे पैसे गेले की ते सगळ्यांनाच कळतं. मलाही कळायचं.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग उलटंपालटं करून बघायचं, ब्लो-होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, दिसला की खूण मारून बाजूला टाकायचं, हे माझं पोटाचं काम. गिटार संध्याकाळची. गणपती, नवरात्र, हळदीचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं झाली. हे सांगायचं कारण एवढंच, की फसतो तो नवखा असा लोकांचा समज आहे. नवखा असतो तर गपगुमान दुकानात गेलो असतो आणि बिल घेऊन आलो असतो. मला माहिती होती, तीच नडली.

मला हवं होतं ट्रेमोलो पेडल, गिटारचा आवाज बदलणारा, पायानं चालवायचा डबा. लहानपणी चालू टेबल फॅनसमोर तोंड नेऊन ‘आऽऽ’ केलेलं आठवतंय ना, तोच परिणाम. सूर जागेवर, आवाज फक्त कमी-जास्त. सूरच हलायला लागला तर तो व्हायब्रेटो, आपल्या रागदारीतल्या आंदोलनाच्या जातीचा. हा घोळ गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीनं घालून ठेवलाय. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर सूर हलवणारी दांडी बसवली आणि तिला नाव दिलं ट्रेमोलो. अ‍ॅम्पवर आवाज हलवणारं सर्किट दिलं, तर त्याला नाव व्हायब्रेटो. तेव्हापासून निम्मे गिटारवाले उलटं बोलतात.

माझ्याकडे बॉस कंपनीचं हिरवं ट्रेमोलो पेडल, टीआर-२, होतं. रेट म्हणजे वेग, वेव्ह म्हणजे लाटेचा आकार, डेप्थ म्हणजे आवाज किती खाली-वर होणार, असे तीन नॉब, बाकी भानगड नाही. मजबूत वस्तू, पण दोन गोष्टी खटकायच्या. चालू केलं की आवाज किंचित पडल्यासारखा वाटायचा आणि वेगळा व्हॉल्यूम नॉब नाही, त्यामुळे दर कार्यक्रमात मिक्सरवाल्याशी वाद. दुसरं, टॅप टेम्पो नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सेकंदाला दोन ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला दोनदा धडधड हवी असेल तर रेट सेकंदाला चार पाहिजे. आमचा ऑक्टोपॅडवाला दुसऱ्या अंतऱ्याला हमखास पळतो. तो १२६ वर गेला की माझं ट्रेमोलो मागं लंगडत येतं. पायानं ठोका देऊन वेग जुळवता आला तर सोनंच.

त्यात मला हार्मोनिक ट्रेमोलोचं वेड लागलं. १९६० च्या आसपासच्या फेंडरच्या तपकिरी अ‍ॅम्पमध्ये ते होतं. खर्ज आणि तीव्र असे दोन भाग करायचे आणि एक वर जाताना दुसरा खाली आणायचा. त्यामुळे आवाज पूर्ण विझत नाही, आतल्या आत घोळत राहतो. टॅप आणि हार्मोनिक दोन्ही असलेलं एका परदेशी कंपनीचं पेडल सेकंडहँडमध्ये दिसलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. नवं तीस हजारांच्या घरात. विकणारा २१,००० म्हणत होता. मी घासाघीस करून १७,५०० वर आणला आणि त्या रात्री स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो. पैसे कमी पडत होते म्हणून टीआर-२ इचलकरंजीच्या एका पोराला ५,२०० ला दिलं. चालू, धडधाकट पेडल. हे लिहिताना अजून हात थांबतो.

विकणारा खोटा आहे का, हे मी तपासलं बरं का. बेसावध नव्हतो. फोनवर विचारलं, ट्रेमोलो आणि व्हायब्रेटोत फरक काय? बरोबर सांगितलं. ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलच्या, आधी लावू की नंतर? म्हणाला, नंतर लावा, आधी लावलं तर कमी-जास्त होणारा आवाज ड्राइव्ह सपाट करून टाकतो. अगदी बरोबर. वर फेंडरच्या नावांचा घोळही त्यानंच काढला. मी म्हटलं, हा आपला माणूस. ही उत्तरं मोबाईलवर मिनिटभरात सापडतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी त्याची तोंडी परीक्षा घेतली, त्यानं पाठांतरावर मारली.

एकच प्रश्न त्याचा चुकला होता आणि मीच त्याला पास केला. अ‍ॅडाप्टर कुठला म्हटल्यावर तो म्हणाला, ‘कुठलाही चालतो.’ पेडल रोज वापरणारा माणूस हे वाक्य मेला तरी बोलणार नाही. तो म्हणणार नऊ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह, म्हणजे मध्ये मायनस. कीबोर्डवाल्याचा बारा व्होल्टचा, मध्ये प्लस असलेला अ‍ॅडाप्टर चुकून खुपसला तर पेडलमधून धूर निघू शकतो. ऑर्केस्ट्रात एकाच पेटीत सगळ्या वायरी असतात, ही भीती आमच्या हाडात बसलेली. तरी मी गप्प राहिलो.

आता तो व्हिडिओ. यावर मी रात्र रात्र विचार केलाय.

४८ सेकंदांचा व्हिडिओ. चॉकलेटी गालिचा, एक कडा उसवलेली. पेडल, त्याचा पाय, गिटारचा खालचा भाग, तोंड नाही. पेडलवर वेग दाखवणारा छोटा दिवा होता. दिवा लुकलुकत होता सेकंदाला साधारण दोनदा. आवाज धडधडत होता सेकंदाला सहा वेळा. मी हे पाहिलं. पाहिलं नाही असं नाही, तीनदा मागं घेऊन पाहिलं. आणि मग मीच, कुणी न विचारता, त्याच्या बाजूनं खुलासा तयार केला की मोबाईलच्या कॅमेऱ्यात लुकलुकणारे दिवे नीट येत नाहीत. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ घेतला की पट्टे दिसतात, तसलंच काहीतरी असणार. पण कॅमेरा सेकंदाला तीस फ्रेम घेतो. सहाची लुकलुक म्हणजे एकेका ठोक्याला पाच फ्रेम. ती लपायचा प्रश्नच नाही. पाढ्यातला हिशेब आहे, सहा पंचे तीस. आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी डेमोचा चिकटवलेला होता. हेच कास्टिंगवर दिसलं असतं तर मी सुपरवायझरला बोलावून अख्खी लॉट थांबवली असती. इथं मात्र गुगल पे उघडलं आणि १५,५०० टाकले.

चार दिवसांनी पार्सल आलं. आलं, हे महत्त्वाचं आहे, पुढं पोलिसांनी यावरच मला लोळवला. लोखंडी डबा, रंग ठीकठाक, वजन बरं. पाच नॉब, हार्मोनिकचा स्विच, टॅपचं बटण. लावलं, आवाज धडधडला. टॅप मात्र चालेना आणि दिवा लुकलुकायचा सोडून नुसता पेटून राहिला. फोन केला. ‘फर्मवेअर अपडेट करावं लागेल, लिंक पाठवतो.’ फर्मवेअर म्हणजे पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर. त्या लिंकची मी नऊ दिवस वाट बघितली.

आणि त्या नऊ दिवसांत मी हार्मोनिक स्विच वर-खाली करून पोराला ऐकवत होतो. बघ, आता कसा गोल झाला. बघ, खर्ज कसा आत गेला. पोरगं बारावीला आहे. म्हणालं, ‘बाबा, दोन्ही सारखंच वाजतंय.’ मी त्याला म्हटलं, तुमचे कान त्या इअरफोननं गेलेत. बायको दारातून बघत होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी लक्ष्मीपुरीत रेडिओ-अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या दोस्ताकडे नेलं. चार स्क्रू. चारच. आत अंगठ्याएवढ्या चिनी मिनी पेडलचा बोर्ड ग्लू-गननं चिकटवलेला. नवं मिनी पेडल दोन-अडीच हजारांत येतं. पाचपैकी तीन नॉबना वायरी, दोन नुसतेच बसवलेले. टॅपच्या बटणाला काही नाही. हार्मोनिकच्या स्विचला एकही वायर नाही. दोस्तानं तो स्विच खटखट वाजवला आणि म्हणाला, ‘ह्यानं तुझा खर्ज आत जात हुता व्हय?’

मी फसलो याचं मला दुःख आहे, पण न जोडलेल्या स्विचमधून मला फरक ऐकू आला, हे जास्त लागलंय.

आता कारभाराचं सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे जाऊन पंधरा दिवस झाले होते. खात्यातून पुढं गेलेले पैसे थोपवायचे तर पहिले काही तास हातात असतात. म्हणून शंका आली की त्याच मिनिटाला १९३० लावा, लिंकबिंक, फर्मवेअर कशाची वाट बघू नका. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर लिहून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही.

बँकेत गेलो. बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा. संमती मी पेडलला दिली होती, डब्याला नाही, असं म्हटलं. त्यांनी पुढचं टोकन पुकारलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी ऐकून घेतलं, आणि ते संभाषण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

‘वस्तू आली न्हवं?’

‘आली, पण ती नाही.’

‘वाजतीया?’

‘वाजते.’

‘मग तक्रार काय?’

‘साहेब, आवाज...’

‘कमी-जास्त हुतोय?’

‘नाही, तो कमी-जास्त व्हायलाच पाहिजे.’

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मी खर्ज आणि तीव्र हातानं वर-खाली करून दाखवत होतो, पोलीस ठाण्यात, दुपारी बाराला. त्यांनी सल्ला दिला, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा. तिथं विचारलं तर म्हणे विकणारा दुकानदार हवा, खासगी माणसानं खासगी माणसाला विकलेलं आमच्याकडे येत नाही. सायबरवाले म्हणाले स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाण्यानं सांगितलं, आरोपी स्वतःला पुण्याचा म्हणतो, मग पुण्यात जा. १८,४९० साठी मी पुण्याला किती हेलपाटे घालायचे? एसटीचं भाडं कोण देणार? हेल्मेट नसलं की ह्याच शहरात माझा नंबर दहा सेकंदांत सापडतो, आणि ज्याचा मोबाईल नंबर, खातं, कुरिअरची पावती सगळं मी फाईल करून नेलंय, तो सापडत नाही.

वकील मित्राकडून कळलं ते असं. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, १ जुलै २०२४ पासून. गुन्हा कुठंही घडला असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावी लागते, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ठाण्यानं नकार दिला तर तक्रार लेखी करून पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तोंडी काही बोलूच नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मी पहिल्या तीन खेपांना शिक्का घेतला नाही, म्हणून कागदोपत्री त्या तीन खेपा झालेल्याच नाहीत. अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवलंय. पोहोच आली, पुढं काही नाही.

सेकंडहँड ट्रेमोलो घेणाऱ्यांनो, तयार व्हिडिओ घेऊच नका. व्हिडिओ कॉल लावा आणि तुम्ही सांगाल तेव्हा रेट फिरवायला लावा. डेप्थ शून्य करून पेडल चालू-बंद करायला सांगा, आवाज पडतो का लगेच कळतं. गिटारचा व्हॉल्यूम बंद करून ऐका, टिक-टिक ऐकू आली तर आतलं सर्किट गळतंय. पेडलच्या पुढं सूर दाखवणारा ट्यूनर लावा आणि एक तार धरून ठेवा. ट्रेमोलोत काटा स्थिर राहतो, हलला तर तुम्हाला दुसरंच काही विकतायत. हार्मोनिक म्हणत असेल तर डेप्थ पूर्ण, भरलेली कॉर्ड, आणि कान देऊन ऐका. आवाज पार विझत असेल तर ते साधं ट्रेमोलो. आणि मागची पत्रा-प्लेट. चार स्क्रू काढायला जो नाही म्हणतो त्याला नमस्कार करा.

इचलकरंजीच्या पोराला टीआर-२ परत मागितलं. आता ६,५०० म्हणतोय. त्याचं बरोबर आहे.

गणपतीत ट्रेमोलोशिवाय वाजवलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही, हेही लागलंच. परवा पोरानं मोबाईल पुढं केला. तीच जाहिरात, तोच ४८ सेकंदांचा व्हिडिओ, उसवलेला चॉकलेटी गालिचा, किंमत आता १९,०००. पोरानं स्वतःच्या नंबरवरून मेसेज टाकला, ‘व्हिडिओ कॉलवर रेट फिरवून दाखवता का?’ दोन मिनिटांत ब्लॉक. गालिचा लक्षात ठेवा, डावीकडची कडा उसवलेली आहे.