अ‍ॅरन की गॅन्झी? डिझाईनचा पहिला स्वेटर विणायला घेणाऱ्यांसाठी

साधा स्वेटर नीट जमला की आता डिझाईनचा करू असं वाटतंच, आणि मग गाडी दोन जागी अडते: आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅरन बेटं आहेत तिथला वेण्यावेण्यांचा, नाहीतर ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार घालायचे तो गॅन्झी. मी दोन्ही विणलेत, आधी अ‍ॅरन.

दिसायला अ‍ॅरन भारीच, वादच नाही. मधे मधाच्या पोळ्याची वीण, दोन्ही बाजूंना वेण्या, ऑफव्हाइट लोकर, आई म्हणाली, "अरे, हे तू केलंस?" गॅन्झीत मुख्य खेळ सुलट आणि उलट टाक्यांचा, त्यातूनच शिड्या, चौकटी, साबुदाण्याची वीण, लांबून साधा स्वेटर वाटतो, जवळ आल्यावर कळतो. गडद निळा घेतलात तर जवळूनही कळत नाही, फिकट रंग बघा. आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख स्वेटरच्या विणीवरून पटायची ही गोष्ट ऐकून अ‍ॅरन घेत असाल तर ती दंतकथा आहे, अ‍ॅरनचा हा प्रकार विसाव्या शतकात आकाराला आलाय.

माझं खरं डोकं फिरलं ते चुकलेल्या पिळापायी. ६ टाक्यांची वेणी, दर ८व्या ओळीला ३ टाके जादा सुईवर घ्यायचे, पुढे धरले की पीळ डावीकडे, मागे धरले की उजवीकडे, एवढंच. पण मधेच फोन आला, मागे धरायचे ते पुढे धरले, आणि दिसलं कधी, तर वर २४ ओळी झाल्यावर, अंगाला लावून आरशात बघताना! तेवढेच ६ टाके खाली सोडून परत वर विणता येतात, करून बघितलं, पण माझ्या हातून तिथली लोकर अशी ओढली गेली की वेणी कमी आणि गाठोडं जास्त दिसायला लागलं, शेवटी सगळ्या ओळी उसवल्या. हे दोनदा झालं. गॅन्झीत चूक म्हणजे सुलटच्या जागी उलट, त्या एकाच टाक्याची रांग खाली सोडायची आणि क्रोशाच्या सुईने वर चढवत आणायची, चहा गार व्हायच्या आत काम होतं.

गॅन्झी म्हणजे आराम असंही नाही हां. अस्सल गॅन्झी पाचपदरी घट्ट पिळाच्या लोकरीचा, इंचाला ७-८ टाके, एवढा धीर माझ्यात नाही, मी डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची गोल सुई घेतली. अंगाला शिवण नाही, काखेत कळी (हात मोकळा हलावा म्हणून चौकोनी तुकडा), बाह्या खांद्याकडून खाली विणत यायच्या, म्हणजे मनगटाशी झिजलं की तेवढंच उसवून नवं करता येतं. अ‍ॅरनमधे वेण्या विणकाम आवळून घेतात त्यामुळे लोकर जास्त जाते, मला ३ गोळे परत आणायला लागले आणि दुकानात तोवर त्या रंगाचा तो लॉट संपलेला, एका बाहीची छटा किंचित पिवळट आहे, मलाच दिसते म्हणा.

पुण्याच्या थंडीला अ‍ॅरन जरा जडच होतो, थंड देशातल्या कुणासाठी करत असाल तर गोष्ट वेगळी. तरी ठरत नसेल तर दोन्हीचे वीतभर तुकडे विणा, अ‍ॅरनच्या तुकड्यात मुद्दाम एक पीळ उलटा घाला, वर १५-२० ओळी विणा आणि मग तो दुरुस्त करून बघा. ते करताना मजा आली तर खुशाल अ‍ॅरन घ्या.