नवी मुंबईतल्या स्टार्टअपचा रिफर्बिश्ड लॅपटॉप, आमची झालेली फसवणूक

ठाणे-नवी मुंबईत कोणी रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेणार असाल तर आधी हे वाचा. नुसतं चालू करून बघितलं, कीबोर्ड-स्क्रीन चेक केली, एवढ्याने काही कळत नाही. त्यांच्यासमोर लॅपटॉप पूर्ण रिसेट करायला लावा आणि वायफाय जोडून पुन्हा सुरू करा, मगच पैसे द्या. का ते सांगते.

भाचीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, नवा लॅपटॉप बजेटच्या बाहेर जात होता, म्हणून महापेच्या एका स्टार्टअपकडून 24 हजारांना घेतला. त्यांची वेबसाईट एकदम भारी, ई-कचरा कमी करा, जुन्या मशीनला दुसरं आयुष्य द्या, आणि बॉक्समध्ये भाचीच्या नावाचं सर्टिफिकेट की तुम्ही पृथ्वीचा एवढा किलो कार्बन वाचवला. पोरगी किती खूश झाली होती, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं तिने.

पहिले काही आठवडे सगळं नीट चाललं. मग विंडोज हँग व्हायला लागलं म्हणून तिने रिसेट मारला, आणि सेटअप सुरू होताच स्क्रीनवर भलत्याच एका कंपनीचं नाव आणि लोगो, त्यांचा ऑफिसचा ईमेल-पासवर्ड टाका म्हणे. पुढे जाताच येईना. नौपाड्यातल्या रिपेअरवाल्या काकांकडे नेला, त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "ताई, हा कंपनीचा लॅपटॉप आहे, त्यांच्या ऑटोपायलटमधून काढलेलाच नाही." ऑटोपायलट म्हणजे मायक्रोसॉफ्टची सोय, मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप त्यात रजिस्टर करून ठेवतात म्हणजे सेटअप करताना नेट लागलं की लॅपटॉप कंपनीचं लॉगिन मागतो आणि कंपनीच्या सेटिंगने तयार होतो, आणि ही नोंद हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेली असते, हार्ड डिस्क बदला नाहीतर विंडोज परत टाका, सेटअपमध्ये नेट लागलं की तीच स्क्रीन. नोंद काढायची ती त्या कंपनीच्या आयटीवाल्यांनी. विकणाऱ्याने नेट न जोडता सेटअप करून दिला होता म्हणून आम्हाला सुरुवातीला काही दिसलं नाही. म्हणजे त्याला माहीत होतं, असंच मला वाटतं, नाहीतर नेट न लावता सेटअप कशाला करेल कोणी?

फोन केला तर आधी "मॅम, टीम बघतेय", मग "सॉफ्टवेअर इश्यू वॉरंटीत येत नाही", मग उत्तरच नाही. महापेचा पत्ता म्हणजे को-वर्किंगमधलं एक टेबल निघालं, तेही त्यांनी सोडलेलं. बिलावर नुसतं "लॅपटॉप, रिफर्बिश्ड" लिहिलंय, सीरियल नंबरच नाही, त्यामुळे हाच लॅपटॉप आम्ही दिला कशावरून असं उद्या म्हणायला ते मोकळे. बिलावर सीरियल नंबर नसेल तर घेऊच नका, प्लीज.

आणखी एक. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यात रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मी त्यांच्याकडे तो नोंदणी नंबर मागितला तर परत तेच कार्बनवालं सर्टिफिकेट पाठवलं! बॅटरीचंही तसंच, बॉक्सवर 90 टक्के हेल्थचा स्टिकर, पण भाचीने रिसेटच्या आधी बॅटरी रिपोर्ट काढून ठेवला होता त्यात फुल चार्ज कपॅसिटी (आता बॅटरीत मावतं तेवढं चार्जिंग) डिझाईन कपॅसिटीच्या (नवी असताना मावायचं त्याच्या) निम्मी पण नाही.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की चांगला चालणारा लॅपटॉप, रॅम नीट, स्क्रीन नीट, आता भंगारातच जाणार. ई-कचरा वाचवायच्या नावाखाली यांनी ई-कचराच विकला आम्हाला. आणि प्रामाणिकपणे जुनी मशीन दुरुस्त करून विकणारे, ते नौपाड्याचे काका धरून, त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास उडतो तो वेगळाच.

1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात ती सोडवायला हवी, यांनी पोचसुद्धा दिलेली नाही. स्टार्टअपचं नाव इथे टाकत नाही कारण आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, भाचीचे बाबा पेमेंटचा पुरावा, चॅट आणि त्या लॉक स्क्रीनचे फोटो गोळा करतायत.