हलक्या बास जिगसाठी लाईन: मोनो, फ्लोरोकार्बन की ब्रेडेड?

जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, आणि बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. १/४ औंसाचं जिग म्हणजे सात ग्रॅम. १/८ औंसाचं साडेतीन ग्रॅम, आणि स्मॉलमाउथ बाससाठी वापरतात ते १/१६ औंसाचं पिसांचं जिग तर दोन ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा वजनाला खाली जाताना मागची सगळी लाईन ओढत न्यावी लागते. लाईन जाड असेल तर जिग रेंगाळतं. तरंगणारी असेल तर वाऱ्याने तिला झोळ पडतो आणि जिग तळावरून उचललं जातं. फार ताणली जाणारी असेल तर माशाने जिग तोंडात घेतलेलं हाताला कळतच नाही. अर्ध्या औंसाच्या जिगला १५ पौंडांची कुठलीही बरी लाईन चालून जाते, पण ३/८ औंसाच्या खाली आलात की निम्मं काम लाईनवरच ठरतं.

म्हणून पाकिटावरचा पौंडांचा आकडा बघून लाईन घेऊ नका. मोकळ्या पाण्यात तीन-चार पौंडांचा बास आठ पौंडांच्या लाईनवर आरामात येतो, कारण त्याचा जोर ड्रॅग (ताण वाढला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) पेलतो. आधी जाडी बघा, मग ती बुडते की तरंगते, मग ताण. कोकणात तंगुसावर गरवलेल्या आणि आता न्यू जर्सी, मिशिगन किंवा टेक्सासात राहणाऱ्या मंडळींना हा क्रम उलटा वाटेल. तिथे खडकातून मासा खेचून काढायचा असतो, म्हणून दणकट लाईन आधी. इथे मासा गळाला लागण्याआधीचे दोन सेकंद महत्त्वाचे आहेत.

| | मोनो (नायलॉन) | फ्लोरोकार्बन | ब्रेडेड (पॉलिएथिलीन) |
|---|---|---|---|
| घनता (पाणी = १) | साधारण १.१४ | साधारण १.७८ | साधारण ०.९७ |
| पाण्यात | हळूहळू बुडते | लवकर बुडते | तरंगते |
| जाडी | ८ पौंड: सुमारे ०.२५ ते ०.२८ मिमी | ८ पौंड: सुमारे ०.२३ ते ०.२६ मिमी | १० पौंड: सुमारे ०.१५ मिमी |
| ताण | भरपूर | सुरुवातीला कमी, जोर वाढला की बराच | जवळजवळ नाही |
| पाण्याचा परिणाम | पाणी शोषून थोडी कमकुवत होते | काही नाही | विणीत पाणी धरते |
| खडकावर घासल्यास | मध्यम | तिघींत उत्तम | लवकर तुटते |

फ्लोरोकार्बन

‘पाण्यात दिसत नाही’ ही फ्लोरोची जाहिरात आहे आणि तिच्यात अर्धंच तथ्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे फ्लोरो कमी चमकते, अदृश्य होत नाही. जिगसाठी तिचा खरा गुण घनता हा आहे. टाकल्यानंतर ती स्वतःच बुडते, रॉडच्या टोकापासून जिगपर्यंत बरीचशी सरळ राहते, आणि थोडी ढील असतानाही तळाचा खडखडाट हातापर्यंत पोचतो. हलकं जिग तळावर ओढताना लाईन सतत ताठ ठेवता येत नाही. ताठ ठेवली तर जिग उचललं जातं. त्या ढिलाईत जिला कळतं ती लाईन फ्लोरोच.

फ्लोरो ताणली जात नाही, हा समज मात्र सोडून द्या. जोराचा हिसका दिला की ती नायलॉनच्या जवळपास ताणली जाते, आणि नायलॉनसारखी पूर्ववत होत नाही. जिग दगडात अडकलं, तुम्ही लाईन हाताला गुंडाळून ओढली आणि जिग सुटून आलं, तरी त्या ओढीत लाईनचा शेवटचा भाग कायमचा कमकुवत झालेला असतो. पुढचा चांगला मासा नेमका तिथेच तोडून जातो. अशा वेळी शेवटची दोन-तीन मीटर लाईन कापून नवी गाठ मारणं हाच उपाय. बेटकास्टर रीलवर (यात फेकताना स्पूल फिरतो) गुंता होऊन फ्लोरोला घडी पडली असेल, तर तिथेही कापावंच लागतं.

दुसरी अडचण वेटोळ्यांची. स्पिनिंग रीलवर (यात फेकताना स्पूल स्थिर असतो) फ्लोरो स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते, थंडीत जास्तच. २५०० आकाराच्या रीलवर ६ किंवा फार तर ८ पौंडांच्या वर जाऊ नका. स्पूल काठोकाठ भरू नका; काठापासून तीन मिलिमीटर मोकळे ठेवा. सकाळी पहिल्या फेकीआधी वीस-पंचवीस मीटर लाईन सोडून, टोक बांधून, हळू ताण देऊन अर्धा मिनिट धरा. हळू हा शब्द महत्त्वाचा, कारण हिसका दिला तर वर सांगितलेलंच नुकसान होतं.

ब्रेडेड आणि तिचा लीडर

एकटी ब्रेडेड लाईन हलक्या जिगला घेऊ नये. १० पौंडांची ब्रेडेड, तिच्या टोकाला ६ ते १० पौंडांचा फ्लोरो लीडर (जिगजवळ जोडलेला वेगळा तुकडा), हीच आज स्पिनिंग रॉडवरची सर्वसाधारण जोडी आहे. तिचा मोठा फायदा लांब फेक आणि वळण न धरणं. ०.१५ मिमी जाडीची लाईन दोन ग्रॅमच्या जिगमागेही सहज सुटते. रीलवर महिनाभर पडून राहिली तरी वेटोळी धरत नाही. आणि लाईन ताठ असेल तर तिच्याइतकी खबर दुसरी कुठलीच देत नाही.

लाईन ढिली असेल तर मात्र चित्र उलटं होतं. ब्रेडेड पाण्यावर तरंगते, मऊ असते, आणि आडवा वारा आला की पाण्यावर तिची मोठी कमान तयार होते. मग जिग तळावर आहे की अधांतरी, हे सांगता येत नाही. इथे दोन गोष्टी कामाला येतात. फेक संपली की रॉडचं टोक पाण्याला टेकवा. आणि ब्रेडेड ठळक पिवळी किंवा पोपटी घ्या. बास बऱ्याचदा जिग पडतानाच घेतो आणि ते हाताला कळण्याआधी डोळ्यांना दिसतं. पहिल्या फेकीला जिग तळाला लागेपर्यंत मनात आकडे मोजा. समजा बारा झाले. पुढच्या वेळी सातवरच लाईन थांबली, किंचित उडाली किंवा बाजूला सरकली, तर तो तळ नव्हे. ढील गुंडाळा आणि गळ बसवा. हिरवट गडद लाईनवर ही हालचाल दिसतच नाही. लीडर लांब असला की पिवळ्या रंगाची धास्ती बाळगायचं कारण नाही.

गळ बसवण्याची पद्धतही बदलावी लागते. नेड रिगसारख्या छोट्या जिगला बारीक तारेचा गळ असतो. कॅन्ससचे नेड केडी यांच्या नावाने ही रिग ओळखली जाते. ब्रेडेडवर जोराचा हिसका दिला की हा गळ उघडतो किंवा माशाचं तोंड फाटतं. रॉड आडवा ओढत रील फिरवत राहिलं की पुरतं. केसाळ फायबरचं गवतरोधक असलेल्या ३/८ औंसाच्या जिगला त्याहून जास्त जोर लागतो, कारण आधी ते फायबर दबायला हवं. गवत कमी असेल तर कात्रीने एक तृतीयांश फायबर कापा. लाईन बदलण्यापेक्षा याचा उपयोग लवकर दिसतो.

लीडर किती लांब? साधारण दोन ते तीन मीटर. त्यापेक्षा लांब केला तर जोडगाठ रीलच्या स्पूलवर येते आणि फेकताना रॉडवरच्या कड्यांत खटखटते. जोडगाठींत एफजी गाठ सर्वांत बारीक बसते, पण वाऱ्यात बोटीवर मारायला वेळ लागतो. घरून निघतानाच मारून ठेवा, वीसेक वेढे नीट दाटून बसवा. पाण्यावर असताना डबल युनि पुरते: ब्रेडेडचे आठ वेढे, फ्लोरोचे पाच. जिगशी पालोमार किंवा सॅन डिएगो जॅम गाठ मारा. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. फ्लोरोची कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने पृष्ठभाग भाजतो आणि ती निम्म्या जोराला सुटते. बोटाने चाचपून गाठीवर खरखर किंवा पांढरा पट्टा जाणवला तर परत मारा.

ब्रेडेड नवी भरताना स्पूलच्या बुंध्यावर आधी पाच-सहा मीटर मोनो गुंडाळा, नाहीतर अख्खा पुडा गुळगुळीत स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. भरताना ओलं कापड बोटांत धरून घट्ट भरा. सैल भरलेली ब्रेडेड आत रुतते आणि फेकताना अचानक तिथे गाठ होते. रीलवरची तारेची कमान (बेल) हाताने बंद करायची सवय लावली तर या गाठी निम्म्या कमी होतात.

थंडीत, पारा शून्याखाली असताना, ब्रेडेड नको. विणीतलं पाणी कड्यांत गोठतं आणि रील जड चालते. मिशिगनमध्ये नोव्हेंबरात फ्लोरोच बरी.

मोनो

मोनोला सरसकट जुनाट म्हणणं अन्यायाचं आहे. पिसांच्या १/१६ औंसाच्या जिगला ६ पौंडांची मोनो छान जमते, कारण ती हळू बुडते आणि जिग तरंगत राहिल्यासारखं खाली येतं. स्मॉलमाउथला ते आवडतं. ताण असल्याने मुलांच्या किंवा नवख्यांच्या हातातून मासा सुटत नाही, गाठ सोपी बसते, आणि पैसेही कमी. पण खोल पाण्यात तळावरच्या जिगला ती घेऊ नका. वीस मीटर लाईन ताणून होईपर्यंत मासा जिग थुंकून मोकळा होतो. ऊन आणि पाणी दोन्हींनी ती खराब होते, त्यामुळे दर मोसमात बदला. वेगवेगळ्या प्रकारचं नायलॉन मिसळून केलेल्या कोपॉलिमर लाईनींचा स्वभाव मोनोजवळच असतो.

पाण्यानुसार

डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि नंतर ते पंचमहासरोवरांत पसरले. हे शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात, त्यामुळे पाणी काचेसारखं झालं, आणि तळ धारदार शिंपल्यांनी भरला. इथे ब्रेडेड तळापर्यंत गेली की दोन-तीन घासण्यांत तुटते. म्हणून लीडर आखूड नको. तीन मीटरचा, ८ किंवा १० पौंडांचा, आणि दर तासाला शेवटच्या अर्ध्या मीटरवरून नख फिरवून बघा. खरखर लागली की कापा. मिझुरीच्या टेबल रॉकसारख्या स्वच्छ, खडकाळ आणि खोल तलावात ६ ते ८ पौंडांची पूर्ण फ्लोरो मला जास्त योग्य वाटते. जिग खोल, पाणी संथ, आणि ढिलाईतच मासा लागतो. न्यू जर्सीच्या लेक होपॅटकॉन्गसारख्या गवताळ पाण्यात मात्र ब्रेडेड उजवी. ती गवत कापत येते, फ्लोरो गवताचा गोळा ओढत आणते. लीडर तिथे १० पौंडांचा ठेवा. टेक्सासच्या लेक फोर्कमध्ये पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खोडांमध्ये टाकायचं असेल तर हलकं जिग आणि बारीक लाईन दोन्ही बाजूला ठेवा. तिथे दोर दणकटच हवा.

हलक्या जिगसाठी बेटकास्टर वापरायचा हट्ट असेल, तर साधा रील १/४ औंसाच्या खाली कुचकामी ठरतो. उथळ स्पूलचा बीएफएस (बेट फिनेस सिस्टिम, हलक्या आमिषांसाठीचा) प्रकारचा रील घ्या आणि त्यावर ६ ते ८ पौंडांची मऊ फ्लोरो. अशा स्पूलवर अति बारीक ब्रेडेड आत रुतते.

काय घ्यावं

एकच रॉड असेल तर २५०० चा स्पिनिंग रील, १० पौंडांची पिवळी ब्रेडेड, ८ पौंडांचा दोन ते तीन मीटर फ्लोरो लीडर. जिग १/८ ते १/४ औंसाचं. ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे साधारण दोन पौंड: वजनकाटा लावून मोजा, बोटाचा अंदाज बहुतेक वेळा जास्त निघतो. ब्रेडेडचा पुडा महाग वाटतो, पण दोन-तीन मोसम टिकतो, आणि वरचा भाग झिजला की उलटा गुंडाळून तळातला ताजा भाग वर आणता येतो. खर्च होतो तो लीडरचाच. लीडरसाठी पंचवीस-तीस मीटरचा छोटा रोल घ्या, दोनशे यार्डांचा मोठा स्पूल नको.

दुसरा रॉड करायचा झाला तर त्यावर पूर्ण फ्लोरो, ८ पौंड, ५/१६ आणि ३/८ औंसाच्या जिगसाठी, वारा आणि थंडीच्या दिवसांसाठी. तोडलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका. पक्षी त्यांत अडकतात. अनेक बोट रॅम्पवर मोनो आणि फ्लोरोसाठी नळीसारखे डबे असतात. ब्रेडेड त्यांत टाकायची नसते. ती बोटभर लांबीचे तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका.