निझवाचा शुक्रवारचा बाजार: जायचं तर पहाटेच जावा

अक्का आणि दाजी मस्कतला असतात, डिसेंबरात आईला घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा ओमानमधलं हे निझवा बघितलं. मस्कतपासून गाडीनं दीडएक तास, रस्ता एकदम मस्त. अक्कानं आधीच बजावलं होतं, शुक्रवारीच जायचं आणि उजाडायच्या आत घर सोडायचं, कारण जनावरांचा बाजार सकाळी लवकर भरतो आणि नऊच्या सुमारास आवरतो पण, आणि दुपारच्या नमाजाआधी दुकानंही बंद व्हायला लागतात.

तर हा बकऱ्यांचा बाजार हीच खरी बघायची गोष्ट. मधे एक शेड, लोक आत-बाहेर अशा दोन रांगा करून गोल उभे, आणि मधल्या वाटेनं दोरी धरून बकऱ्या, मेंढ्या, वासरं फिरवत असतात. फिरवणारा भाव ओरडत जातो, ज्याला हवी तो हात करून थांबवतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीवरून बोटं दाबत नेतो, पटलं तर तिथंच सौदा नाहीतर पुढं चल. पांढरा डिशडाशा म्हणजे घोट्यापर्यंतचा ओमानी झगा घातलेले एक म्हातारे बाबा एकच करडू तीनदा थांबवून बघत होते, चौथ्या फेरीला घेतलं आणि काखेत मारून चालायला लागले. आई चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैलबाजार बघत वाढलेली, ती तिथून हलायलाच तयार नव्हती किनी, म्हणाली "दात बघायची तऱ्हा अगदी आमच्या बाबांचीच."

मातीच्या भांड्यांची रांग पण सोडू नका. जवळच बहला म्हणून गाव आहे, तिथले कुंभार नावाजलेले. खानापूरची मडकी घरात वापरलेल्या माणसाला पाणी गार ठेवायचा तो टांगता मडका बघून लगेच हात लावावासा वाटतोय.

चांदीच्या गल्लीत मात्र जपून. खंजर म्हणजे ओमानी कमरेची वाकडी कट्यार, त्यांच्या झेंड्यावरही तीच आहे, काम बघत बसावं इतकं बारीक. पण एका दुकानात आम्हाला जुनी चांदी म्हणून साखळी दिली आणि दाजींनी मस्कतला तपासून घेतली तर नुसता मुलामा निघाला, मला फार वाईट वाटलं. आणि एक रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये, आकडा लहान दिसतोय म्हणून फसू नका. बऱ्याच दुकानांत हिंदी चालतंय, बिनधास्त घासाघीस करा.

हलवा घ्याच. तूप, साखर, केशर, वेलची, गुलाबपाणी घालून मोठ्या कढईत तासन्‌तास घोटतात, चमच्यानं उचलला की लवलवतो. आपला बेळगावचा कुंदा दाणेदार, हा चिकट गुळगुळीत, पण घोटायची मेहनत तीच आणि ती चवीला कळते. सोबत कहवा म्हणजे वेलचीची बिनदुधाची कॉफी देतात.

बाजाराला लागूनच किल्ला आहे, १७ व्या शतकातला, बांधायला १२ वर्षं लागली म्हणतात. गोल बुरुजाचा जिना वळणावळणाचा, वाटेत दारं आणि डोक्यावर भोकं, त्यातनं शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतायचे. खजुराची पोती रचून ठेवायची खोली पण दाखवतात, वजनानं पाक गळून जमिनीतल्या पाटांतनं वाहत यायचा. आईला गुडघ्यांमुळं वर जमलं नाही, ती खाली सावलीत बसली, त्या म्हाताऱ्या बाबांचं करडू तिच्या शेजारीच बांधलेलं होतं.