21 काड्यांचा गेम सात महिने खेळवला, त्याचा अनुभव

जूनमध्ये भाच्याची सहावी सुरू झाली आणि ताईने त्याला माझ्या गळ्यात मारला. आम्ही सांगलीत विश्रामबागला, त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे सुटका नव्हतीच. पोराला पाढे पाठ, बेरजा-भागाकार चोख, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली आणि "मामा, कुठली रीत लावायची?" घरात जुना टॅब पडून होता, त्यावर ब्राउझरमध्ये चालणारे फुकटचे गणिती गेम लावून दिले.

जास्त खेळला तो काड्यांचा. 21 काड्या, आळीपाळीने 1, 2 किंवा 3 उचलायच्या, शेवटची ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. कॉम्प्युटर दरवेळी अगदी अदबीने म्हणतो, पहिली खेळी तुमची. पंधरा दिवस पोरगा नुसता हरत होता, एकदा तर टॅब गादीवर आपटला. मी उत्तर सांगितलं नाही (मोह फार होतो, त्यात जेवायला वाढलेलं असलं की जास्तच), फक्त म्हटलं 21 सोड, 5 वर खेळू. आईच्या डब्यातले चिंचोके घेतले. 5 उरलेत आणि पाळी तुझी, तर तू 1 घे, 2 घे, 3 घे, समोरचा तुला बरोबर शेवटच्या एकावर आणून सोडतो. मग तसंच 9 चं निघालं, मग 13, 17, आणि मग हा एकदम ओरडला, "मामा, 21 पण त्यातलाच आहे! म्हंजे हा आपल्याला पहिलं खेळवतो तीच चीटिंग आहे!"

खरी परीक्षा पुढंच. सेटिंगमध्ये 4 पर्यंत उचलायची मुभा दिली तर हा परत 5, 9, 13 च धरून बसला आणि सपाटून हरला. दोन दिवस फुगून होता, मग वहीत शेवटाकडून मागं मागं लिहीत गेला, 1, 6, 11, 16, आणि परत 21! तिथंही लबाडी. शेवटी 5 पर्यंतचं सेटिंग लावलं, पहिल्यांदा 2 उचलून 19 ठेवल्या आणि कॉम्प्युटरला हरवलं, ते मी शेजारच्यांनासुद्धा सांगितलं असेल.

काही जण म्हणाले, भाग्यश्री ठिपसेंच्या गावात राहता आणि पोराला बुद्धिबळाला का नाही घालत? घालू की, पण बुद्धिबळात शेवटापासून मागं जायचं म्हटलं तर माणूस दमतो, इथं दहा मिनिटांत सगळा गेम तळापर्यंत दिसतो. निममध्ये (काड्या उचलायच्या अशा खेळांचं हे नाव) काड्यांचे तीन-चार ढीग घेतले तर मात्र अवघड आहे, त्याचं पूर्ण गणित बाउटन नावाच्या माणसाने 1901 मध्ये मांडलं, पण त्याला बायनरी, म्हणजे नुसत्या 0 आणि 1 मध्ये आकडे लिहायची पद्धत, लागते, आम्ही ती आठवीपर्यंत झाकून ठेवलीय.

टॉवर ऑफ हनोई बरा. तीन खांब, एकावरच्या लहान-मोठ्या चकत्या एकेक करून दुसऱ्यावर न्यायच्या, लहानीवर मोठी ठेवायची नाही. 3 चकत्यांना 7 खेळ्या, 4 ला 15, 5 ला 31, "दुप्पट अधिक एक" त्याने स्वतः काढलं. 64 चकत्या, सेकंदाला एक खेळी धरली तर साधारण 58 हजार कोटी वर्षं, हे ऐकून आजी म्हणाली त्यापेक्षा भडंग कर.

तक्रारी आहेत. हिंटचं बटण ही सगळ्यात वाईट गोष्ट, पोरं विचार न करता तेच दाबत बसतात, मी त्यावर चिकटपट्टी लावली पण टचस्क्रीनला त्याचं काय! आणि हरल्यावर नुसतं "परत खेळा" येतं, कुठं चुकलं ते नाही, ते आपणच शेजारी बसून विचारायचं. नुसता टॅब हातात देऊन शिकेल असं वाटत असेल तर नका देऊ.

फायदा झाला का? अर्धा. 20 जणांनी एकमेकांशी हात मिळवले तर किती वेळा, या उदाहरणाला रीत न विचारता त्याने 2 माणसं, 3, 4 असं करत 190 काढलं. पण शेकडेवारी आली की अजून पेन खालीच.

गेल्या आठवड्यात टॅबचं चार्जिंग बसलं, दुरुस्तीला टाकायची घाई कुणालाच नाही. चिंचोके आहेत. 21 मोजून मांडतो आणि अदबीने म्हणतो, "मामा, पहिलं तू."