ग्रॅनोला बारला गूळ की खजूर?

निपाणीच्या वहिनी ग्रॅनोला बारवर, म्हणजे ओट्स-सुक्यामेव्याच्या वडीवर, अडल्यात. ओट्स, खानापूरचे काजू, शेंगदाणे, मनुका सगळं आणलंय, पण बांधायचं कशानं?

खर्चात गूळ सरळ पुढे, गुऱ्हाळं आपल्याच भागातली. कष्टात मात्र खजूर बरा: बिया काढा, मिक्सरला फिरवा, थापा. गुळाच्या पाकावरून नजर हटली की गेलाच. थेंब गार पाण्यात टाकून बघा. मऊ गोळी झाली तर वडी चिवट, ताटलीवर टण्ण वाजली तर कुरकुरीत. अशी वडी घट्ट डब्यात दोनेक आठवडे राहते, पण आपल्या पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की चिकटली. खजुराची फ्रिजमध्येच ठेवावी.

खजुराच्या वडीला 'साखरविरहित' वगैरे म्हणतात ते सोडा, खजुरातही साखर भरपूर. तंतू (फायबर) तेवढे जास्त.

शाळेच्या डब्याला, प्रवासाला गूळ. दात हलणाऱ्या मामंजींना आणि घाईच्या दिवशी खजूर. मधुमेह असेल तर दोन्ही बेतानंच.